अन्न, देह आणि श्रद्धा : पंडिता रमाबाईंचें चरित्र

सोलापुराहून पुण्याकडे जाणारी आगगाडी दौंड सोडून पुढें निघाली कीं, थोड्याच वेळांत केडगांव नांवाचें एक लहानसें स्टेशन लागतें. आपल्यापैकीं पुष्कळांनीं त्या वाटेनें प्रवास केला असेल; परंतु खिडकींतून त्या बाजूस मुद्दाम पाहणारे थोडे. त्याच स्टेशनाजवळ पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन आहे. तें आजही चालू आहे. ज्या बाईनें तें उभारिलें तिची विद्वत्ता, तिचें वक्तृत्व आणि तिचें धर्मांतर यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. या लेखांत तिच्या चरित्राकडे एका निराळ्याच बाजूनें पाहावयाचें आहे. अन्न आणि देह यांच्याशीं या बाईचें नातें कसें होतें, तें कसें दुखावलें गेलें आणि तिच्या श्रद्धेनें तें कसें बरें केलें, हा आपला विषय आहे.

हा विषय निवडण्याचें कारण शाळेंतच आहे. मधल्या सुट्टींत डबा न उघडतां तसाच घरीं परत नेणारी एखादी मुलगी बहुतेक वर्गांत असते. कोणी तिच्या अंगावरून थट्टेनें कांहीं बोललेलें असतें. कोणी तिच्या रंगावर, कोणी तिच्या उंचीवर बोट ठेविलेलें असतें. ती आरशासमोर उभी राहते आणि आपल्याच देहाचा तिला तिटकारा येतो. मग ती जेवण तोडते. किंवा चोरून पुष्कळ खाते आणि तें अंगास लागूं नये म्हणून नाना उपाय करिते. मुलगेही या दुःखांतून सुटलेले नाहींत. वैद्यकशास्त्र यास आजार म्हणतें. सन १८७३ मध्यें लंडनच्या विल्यम गल यांनीं व पॅरिसच्या लासेग यांनीं अन्न नाकारणाऱ्या तरुण मुलींच्या आजाराचें वर्णन जगापुढें मांडिलें. गल यांनीं त्यास दिलेलें अनोरेक्सिया नर्व्होसा हें नांव पुढें रूढ झालें. खाण्याच्या झटक्यांचा जो दुसरा आजार, त्यास बुलिमिया नर्व्होसा हें नांव जेराल्ड रसेल यांनीं सन १९७९ मध्यें दिलें.

ज्या दशकांत लंडनचे डॉक्टर भरल्या घरांतील उपाशी मुलींचा विचार करीत होते, त्याच दशकांत दक्षिण हिंदुस्थानच्या रानांतून एक मुलगी आईबापांबरोबर खरोखरच उपाशी फिरत होती. ती मुलगी म्हणजे रमा.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या गंगामूळ नांवाच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. बायकोला देवभाषा शिकवावी हा त्यांचा हट्ट. तो लोकांना रुचला नाहीं, म्हणून त्यांनीं रानांत आश्रम बांधिला आणि तेथें पत्नी लक्ष्मीबाई यांना शिकविलें. पुढें आईनेंच पहांटे उठवून रमेला शिकविलें. मूल कांहीं महिन्यांचें होतें तोंच घरावर गरिबी आली आणि कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. वेताच्या पेटाऱ्यांत घालून, कोणाच्या तरी डोक्यावरून या मुलीनें आपला पहिला प्रवास केला. पुढें वर्षानुवर्षें देवळांत पुराण सांगावें, मिळेल त्या दक्षिणेंत गुजराण करावी आणि पुढल्या तीर्थास जावें, असा क्रम चालला.

सन १८७० नंतरच्या दशकांत मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. शास्त्रीबुवांजवळ जें कांहीं होतें तें दानधर्मांत व व्रतवैकल्यांत गेलें होतें. देव प्रसन्न होईल या आशेनें कुटुंबानें उपास केले, प्रदक्षिणा घातल्या, जप केले. भांडीं गेलीं, दागिने गेले, शेवटीं धान्याचा दाणाही उरला नाहीं. तेव्हां तीं सर्व माणसें रानांत शिरलीं आणि झाडपाल्यावर दिवस काढूं लागलीं. वृद्ध पित्यानें जलसमाधि घेण्याचें ठरविलें. मुलानें मजुरी करून सर्वांना पोसण्याचें वचन देऊन त्यांना थांबविलें. परंतु देह थकला होता; थोड्याच दिवसांत पित्याचा अंत झाला. आई तापानें व भुकेनें अंथरुणास खिळली. तिच्यासाठीं भाकरीचा तुकडा मागावयास रमा शेजारच्या घरीं गेली. परंतु मागण्याची संवय नसलेल्या त्या पंडितकन्येची जीभ लाजेनें उचलेना. घरच्या बाईनें तिचा चेहरा पाहूनच काय तें ओळखलें आणि भाकरी दिली. ती भाकरी खाण्याची शक्ति मात्र आईंत राहिली नव्हती. आई गेली. प्रेत वाहण्यास माणसें मिळेनात. दोघे ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ आणि चौथी रमा. तिची उंची पुरेना म्हणून तिनें आपली बाजू डोक्यावर घेतली. पुढें बहीणही गेली.

या प्रसंगांत भुकेबरोबर आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे लाज. भुकेलें माणूस पोटानें जितकें दुबळें होतें त्याहून अधिक मनानें होतें. आपण मागणारे झालों, आपला देह इतरांना ओझें झाला, ही भावना त्यास आंतून पोखरते. रमाबाईंना ही लाज सोळा-सतरा वर्षांच्या वयांत भेटली आणि ती त्या कधीं विसरल्या नाहींत.

राहिलीं दोघें भावंडें, श्रीनिवासशास्त्री आणि रमा. त्यांनीं हिंदुस्थानचा मोठा भाग पायीं तुडविला. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं थंडीनें जीव जाऊं लागला, तेव्हां दोघांनीं वाळूंत खड्डे खणले आणि डोकें तेवढें बाहेर ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. रानबोरें मिळालीं तर सालीसकट व बियांसकट गिळावीं, मूठभर धान्य मिळालें तर पाण्यांत भिजवून मिठाबरोबर खावें, असे ते दिवस होते. या सर्व उपासतापासांनीं पुण्य मिळेल अशी जी श्रद्धा आईबापांनीं दिली होती, ती या वाटेवर हळूहळू झिजत गेली.

सन १८७८ मध्यें भावंडें कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं परीक्षा घेऊन रमेला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. सन १८८० मध्यें भाऊ वारला. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं जातीबाहेर विवाह केला. सन १८८१ च्या एप्रिलांत मनोरमा ही मुलगी झाली आणि सन १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीनें नवरा गेला. तेवीस वर्षांच्या वयांत ही बाई विधवा झाली.

त्या काळच्या उच्चवर्णीय विधवेचें जिणें कसें होतें, हें पुढें सन १८८७ मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकांत रमाबाईंनीं जगास सांगितलें. विधवेनें दिवसांतून एकदांच जेवावें. महिन्यांतून ठराविक तिथींस कडक उपास करावा. जाडेंभरडें एकच वस्त्र नेसावें. दागिना, कुंकू, फूल यांचा स्पर्श होऊं देऊं नये. सणासमारंभांत तोंड दाखवूं नये. अनेक ठिकाणीं दर पंधरा दिवसांनीं तिचें डोकें भादरलें जाई. यांतील पुष्कळ मुली दहा-बारा वर्षांच्याही नसत. आपण काय पाप केलें हें त्यांना ठाऊक नसे. परंतु आपला देह अपशकुनी आहे, सकाळीं कोणाच्या दृष्टीस पडूं नये असा आहे, एवढें त्यांना पक्कें कळलेलें असे.

वाचकांनीं या गोष्टीचा जरा शांतपणें विचार करावा. आपल्या देहाचा तिटकारा करण्यास मुलीला शिकवावें लागतें. मूल तो घेऊन जन्मास येत नाहीं. त्या काळीं तो तिटकारा रूढीनें शिकविला, वस्तऱ्यानें शिकविला, अर्धपोटीं ठेवून शिकविला. आज तो चित्रांनीं, जाहिरातींनीं आणि मैत्रिणींच्या कुजबुजीनें शिकविला जातो. साधनें बदललीं आहेत. धडा तोच आहे. या रूढीविरुद्ध रमाबाई एकट्या नव्हत्या, हेंही सांगितलें पाहिजे. जोतीराव फुले यांनीं विधवांची बाजू फार पूर्वींच उचलली होती. आणि सन १८९० मध्यें नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईच्या न्हावी मंडळींनीं सभा भरवून विधवांच्या डोक्यास वस्तरा न लावण्याचा निश्चय केला.

रमाबाई सन १८८२ मध्यें पुण्यास आल्या. आर्य महिला समाज त्यांनीं स्थापिला, स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें आणि हंटर कमिशनपुढें साक्ष देऊन स्त्रियांसाठीं स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर पाहिजेत असें निक्षून सांगितलें. स्वतः डॉक्टर व्हावें या इच्छेनें सन १८८३ मध्यें त्या लहान मनोरमेसह इंग्लंडास गेल्या. परंतु त्यांचे कान अधू होते, आणि त्या दोषामुळें वैद्यकीचा मार्ग बंद झाला. देहाच्या उणीवेमुळें मनांतली सर्वांत मोठी इच्छा सोडावी लागणें म्हणजे काय, हें त्यांनीं अनुभविलें. कानांचें हें दुखणें त्यांना जन्मभर पुरलें. तें त्यांनीं झांकलें नाहीं आणि त्यापायीं स्वतःस कमीही लेखलें नाहीं.

इंग्लंडांत वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठांत त्या राहत होत्या. त्या भगिनींनीं लंडनजवळ फुलहॅम येथें एक आश्रम चालविला होता. समाजानें टाकिलेल्या, पतित म्हणून हिणविलेल्या स्त्रियांचा तेथें सांभाळ होई. रमाबाईंनीं तो पाहिला आणि त्या थक्क झाल्या. अशा स्त्रीविषयीं घृणेवांचून दुसरी भावना असूं शकते, हेंच त्यांना नवें होतें. तिला दंड न देतां, उपाशी न ठेवतां, तिचें तोंड न चुकवितां कोणी तिची सेवा करितो, याचें कारण काय असावें? त्यांनीं विचारलें. तेव्हां एका भगिनीनें त्यांना योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. भर दुपारीं विहिरीवर पाणी भरावयास आलेली ती बाई; तिच्याशीं बोलूं नये असें सर्वजण मानीत. ख्रिस्त मात्र तिच्याजवळ पाणी मागतो, तिच्याशीं धर्माच्या सर्वांत खोल गोष्टी बोलतो. ही कथा रमाबाईंच्या अंतःकरणास भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं व मनोरमेनें वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला.

धर्म बदलला म्हणून अन्न व वस्त्र बदललें पाहिजे, हें मात्र त्यांनीं मानिलें नाहीं. त्या शाकाहारी होत्या आणि शाकाहारीच राहिल्या. ज्या पक्वान्नांत अंडें असे तेंही त्या घेत नसत. साडी त्यांनीं सोडली नाहीं. मठांतील कांहीं वडील भगिनींना यांत गर्वाचा वास आला आणि त्यावरून पत्रापत्रीही झाली. परंतु येथें रमाबाईंच्या स्वभावांतील एक मर्म दिसतें. आपल्या ताटांत काय असावें आणि आपल्या अंगावर काय असावें, हें ज्या बाईनें जन्मभर दुसऱ्यांच्या आज्ञेनें ठरतांना पाहिलें, ती बाई आतां तें स्वतःच्या विवेकानें ठरवूं पाहत होती. देव माणसाचें पाककृतींचें पुस्तक पाहत नाहीं, माणसाचें मन पाहतो, असा तिचा विश्वास होता. फोटोंत त्यांचे केस आखूड कापलेले दिसतात आणि अंगावर साधी पांढरी साडी दिसते. तो वेष कोणीं लादलेला नव्हता. तो त्यांनीं पत्करिलेला होता. बाहेरून दोन वेष सारखे दिसले तरी लादलेला आणि पत्करिलेला यांत आकाशपाताळाचें अंतर आहे.

सन १८८६ मध्यें आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठीं त्या फिलाडेल्फियास गेल्या. अमेरिकेंत त्या दोन वर्षांहून अधिक राहिल्या, व्याख्यानें दिलीं आणि हिंदी विधवांसाठीं मदत मिळविली. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन निघालें. पुढल्या वर्षीं तें पुण्यास आलें. विधवा विद्यार्थिनींत पहिली गोदूबाई. याच बाई पुढें सन १८९३ मध्यें धोंडो केशव कर्वे यांच्याशीं विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. सदनांत प्रत्येकीस आपापल्या धर्माप्रमाणें वागण्याची मोकळीक होती. तेथें मुली पोटभर जेवत, शिकत, बागेंत हिंडत, हंसत. विधवेनें मोठ्यानें हंसावें हीच त्या काळीं क्रांति होती.

या सुमारास, सन १८९१ मध्यें, रमाबाईंच्या अंतर्जीवनांत मोठा पालट झाला. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षें झालीं होतीं. धर्माचे सिद्धांत त्यांना ठाऊक होते. तरी मनास शांति नव्हती. ख्रिस्ती धर्म आपल्याला सांपडला, पण ज्याच्यावर तो उभा आहे तो ख्रिस्त अजून सांपडला नाहीं, असें त्यांना तीव्रतेनें वाटूं लागलें. पुढें सन १९०७ मध्यें लिहिलेल्या आपल्या साक्षींत त्यांनीं हा शोध सविस्तर सांगितला आहे. त्याचें सार असें कीं, देवाची प्रीति कमावावी लागत नाहीं. उपासांनीं नव्हे, तीर्थांनीं नव्हे, स्वतःच्या शुद्धतेच्या खटाटोपानें नव्हे; ती आधींच दिलेली असते आणि ती रिकाम्या हातांनीं घ्यावयाची असते. ज्या मुलीनें आईबापांना पुण्य मिळविण्यासाठीं उपाशी राहतांना आणि मरतांना पाहिलें होतें, तिला या एका गोष्टीनें केवढें मोकळें केलें असेल!

खाण्याच्या आजारांत नेमकी हीच गांठ असते. मी आणखी थोडी बारीक झालें, आणखी थोडें तोडलें, म्हणजे मग मी प्रेमास पात्र होईन, असा एक निर्दय हिशेब मनांत चाललेला असतो आणि तो कधींच पुरा होत नाहीं. हा हिशेबच मुळांत मांडण्याची गरज नाहीं, असें रमाबाईंची श्रद्धा सांगते.

सन १८९३ मध्यें सदनावर वादळ आलें. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, त्यांना ख्रिस्ती करण्याचा हा डाव आहे, असा आरोप झाला. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनीं संबंध सोडिला आणि पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. या वादांत दोन्ही बाजूंस प्रामाणिक माणसें होतीं, हें आज कबूल करावयास हरकत नाहीं. रमाबाईंनीं दार उघडें ठेवून प्रार्थना केली होती. तें दार बंद करावयास त्या तयार झाल्या नाहींत.

सन १८९६-९७ मध्यें मध्य प्रांतांत दुष्काळ पडला. ती बातमी ऐकून रमाबाईंना आपले जुने दिवस आठवले. त्या दिवसांची हकीकत त्यांनीं सन १८९७ मध्यें लिहून काढिली. त्या स्वतः दुष्काळी मुलुखांत गेल्या. निराधार मुलींना फसवून नेणारे लोक टपलेले होते. त्यांच्या हातून सोडवीत, रस्त्यावरून उचलीत त्यांनीं सुमारें ३०० मुली व स्त्रिया आणिल्या. पुण्यांत प्लेगामुळें नव्या माणसांस ठेवण्यास बंदी झाली, म्हणून त्यांना केडगांवच्या शेतावर नेलें. तेथें फळबागेसाठीं घेतलेली सुमारें शंभर एकर जमीन होती. तंबू व झोंपड्या यांतून मुक्तिसदनाचा आरंभ झाला. सन १८९९-१९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतूनही शेंकडों मुली आल्या आणि केडगांवची वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. आपल्या सोलापूर जिल्ह्यासही दुष्काळ नवा नाहीं. सन १८७६-७८ च्या दुष्काळांत इलाख्यांतील ज्या जिल्ह्यांनीं सर्वांत अधिक सोसलें त्यांत हा एक होता. म्हणून केडगांवास त्या वेळीं काय चाललें असेल याची कल्पना आपणांस इतरांहून लवकर यावी.

उपाशी देहास बरें करणें हें वाटतें तितकें सोपें काम नाहीं. फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसास एकदम पोटभर वाढलें, तर रक्तांतील क्षारांचा तोल जाऊन, विशेषतः फॉस्फेट घटून, हृदय बंद पडूं शकतें. म्हणून असें जेवण थोडथोडें, देखरेखीखालीं वाढवावें लागतें, हें आज डॉक्टरांना ठाऊक आहे. भूक मनासही आजारी करिते. सन १९४४-४५ मध्यें अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अँसेल कीज यांनीं एक प्रयोग केला. युद्धांत शस्त्र घेण्यास नकार देणारे ३६ तरुण, त्यांत शांततावादी ख्रिस्ती पंथांचे पुष्कळ, युरोपांतील उपाशी लोकांस मदत व्हावी म्हणून स्वेच्छेनें चोवीस आठवडे अर्धपोटीं राहिले. हे धडधाकट, समजूतदार तरुण हळूहळू चिडचिडे, उदास व एकलकोंडे झाले. दिवसरात्र अन्नाचाच विचार करूं लागले. कांहींजण पाककृति जमवूं लागले. म्हणजे अन्नाचा ध्यास व मनाचा गोंधळ हीं पुष्कळदां भुकेचींच फळें असतात. तो त्या माणसाच्या स्वभावाचा दोष नसतो. जो कोणी जेवण तोडून दुःखांत बुडाला आहे त्यानें हें लक्षांत ठेवावें. आधीं देहास अन्न, मग मनास विचार. हा क्रम उलटा चालत नाहीं.

मुक्तींत आणिलेल्या साऱ्याच मुली वांचल्या नाहींत. कित्येक आल्या तेव्हांच फार खंगलेल्या होत्या. ज्या वांचल्या त्यांना रमाबाईंनीं केवळ वाढून ठेविलें नाहीं. त्यांना काम दिलें. कोणी विणूं लागली, कोणी घाण्यावर तेल काढूं लागली, कोणी छापखान्यांत अक्षरें जुळवूं लागली, कोणी शेतांत व गोठ्यांत राबूं लागली, आणि सर्वजणी वाचावयास शिकल्या. अत्याचारास बळी पडलेल्या व समाजानें टाकिलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन निघालें. फुलहॅमच्या आश्रमाची तीच सावली होती. वृद्धांसाठीं प्रीतिसदन आणि अंधांसाठीं बार्तिमीसदन निघालें. मनोरमाबाईंनीं अंध मुलींस ब्रेल लिपींतून वाचावयास शिकविलें.

ज्या हातांस लोकांनीं अपशकुनी म्हटलें होतें ते हात आतां कापड विणीत होते आणि पुस्तक छापीत होते. येथें देहाकडे पाहण्याची दृष्टि बदललेली दिसते. देह कसा दिसतो हा प्रश्न मागें पडला आणि देह काय करूं शकतो हा प्रश्न पुढें आला. पौलाच्या पत्रांत देहास देवाचें मंदिर म्हटलें आहे. मंदिराची किंमत त्याच्या भिंतींच्या जाडीवरून कोणी करीत नाहीं. आंत कोण राहतो यावरून करितात. हा विचार मुक्तीनें रोजच्या भाकरींत आणि रोजच्या कामांत उतरविला.

सन १९०५ मध्यें मुक्तींत मोठें प्रार्थनापर्व झालें. त्या दिवसांत अनेकींनीं अन्न बाजूस ठेवून प्रार्थना केली. म्हणजे उपास ही वस्तु रमाबाईंनीं टाकून दिली असें नव्हे. फरक हेतूंत आहे. ज्या उपासानें मन देवाकडे व शेजाऱ्याकडे वळतें तो निराळा. ज्या उपासानें मन स्वतःच्याच देहाभोंवतीं घाण्याच्या बैलासारखें फिरत राहतें तो निराळा. पहिला उपास ठरल्या वेळीं सुटतो आणि माणूस आनंदानें जेवतो. दुसरा सुटतच नाहीं. त्यास भक्तीचें नांव दिलें तरी तो आजारच राहतो.

आयुष्याच्या उत्तरार्धांत रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सोप्या मराठींत उतरविण्याचें काम हातीं घेतलें. पंडितांसाठीं त्यांनीं पुष्कळ संस्कृत पचविलें होतें; आतां त्या साध्या बायकांना कळेल अशी भाषा शोधीत होत्या. सन १९१९ मध्यें सरकारनें त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिलें. मनोरमाबाईंनीं सन १९१२ च्या सुमारास आपल्या शेजारच्या गुलबर्ग्यासही शाळा काढिली होती. आईचें सारें काम त्याच पुढें चालवितील अशी आशा होती. परंतु २४ जुलै १९२१ रोजीं मिरज येथें त्या वारल्या. पोटच्या एकुलत्या एका मुलीचें दुःख गिळून आईनें भाषांतराचें काम पुरें केलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनींही देह ठेविला. मुक्तीच्या छापखान्यांत मुलींच्या हातांनीं छापलेलें तें बायबल सन १९२४ मध्यें बाहेर पडलें.

या चरित्रापासून आपण काय घ्यावें? रमाबाईंना आज ज्यास आपण खाण्याचा आजार म्हणतों तो होता असें कोणी समजूं नये; तसें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांची भूक दुष्काळाची होती, आणि त्यांच्या मुलींची लाज रूढीची होती. परंतु देहाचा तिटकारा कसा शिकविला जातो आणि तो कसा विसरावा लागतो, हें या बाईइतकें जवळून थोड्यांनींच पाहिलें असेल. तिनें सांगितलेला उपाय तीन गोष्टींचा आहे असें म्हणतां येईल. पहिली, प्रीति ही बक्षीस म्हणून मिळवावयाची वस्तु नाहीं, ती दिलेली आहे. दुसरी, पोटास अन्न आणि हातांस काम पाहिजे. तिसरी, हें दुःख एकट्यानें सोसावयाचें नाहीं. त्यास सदन पाहिजे, सोबत पाहिजे.

श्रद्धा आणि वैद्य यांचें भांडण रमाबाईंनीं कधीं मानिलें नाहीं. स्वतः डॉक्टर होण्यासाठींच तर त्या समुद्र ओलांडून गेल्या होत्या. म्हणून या शाळेंतील ज्या भावास किंवा बहिणीस अन्नाची भीति वाटते, आरशाची भीति वाटते, त्यानें वा तिनें प्रार्थना अवश्य करावी. पण तेवढ्यावर न थांबतां आईला, बाईंना अगर वसतिगृहाच्या मावशींना सांगावें आणि डॉक्टरांकडे जावें. हा आजार बरा होतो. लवकर सांगितला तर अधिक लवकर बरा होतो. आणि आम्हां बाकीच्यांचें कर्तव्य याहूनही सोपें आहे. कोणाच्या अंगावरून, रंगावरून, केसांवरून थट्टा करूं नये. एके काळीं वस्तऱ्यानें जें काम केलें तें आपल्या जिभेनें होऊं देऊं नये.

पुढल्या खेपेस पुण्यास जातां किंवा पुण्याहून येतां केडगांव लागलें, तर खिडकींतून अवश्य पाहावें. शेजारच्या घरीं आईसाठीं भाकरी मागतांना जिची जीभ लाजेनें उचलली नाहीं, त्याच मुलीनें पुढें येथें हजारों मुलींना पंगतीस बसवून जेवूं घातलें. आणि त्या पंगतींत बसणाऱ्या एकाही मुलीला भाकरीसाठीं लाजावें लागूं नये, हीच तिची साऱ्या जन्माची प्रार्थना होती.